कानसेनांचा बँड

खान्देशात ‘बँड’ म्हटलं की आधी वरात आठवते. घोड्यावर नवरदेव, पुढे बेभान पोरं, आणि हल्ली पितळी वाजंत्र्यांच्या जागी ट्रॉलीवर रचलेली डीजेची खोकी. आवाज किती मोठा, यावरून लग्न किती दणक्यात झालं ते ठरतं. अशा मुलखात, ज्या बँडनं २८ वर्षं आपला आवाज लहान लहान करत नेला त्याच्याबद्दल सांगायचं, म्हणजे आधी थोडी समजूत काढावी लागणार. त्याचं ध्वनिमुद्रण कुणालाही ऐकवा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘हाई काय शे भो?’

प्रश्न रास्त आहे. गाणं नाही, ठेका नाही, धून नाही. मध्येच कुणीतरी तार खरवडतो, कुणी झांजेच्या कडेला काडी लावतो, सॅक्सोफोनमधून फुंकर आणि चिवचिव यांच्यामधलं काहीतरी येतं. पाच मिनिटांनी माणूस विचारतो, ‘सुरू कधी होणार?’

बँडचं नाव स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल. पुढे त्याला एसएमई म्हणू. लंडनमध्ये १९६६ च्या सुमारास उभा राहिला, १९९४ मध्ये संपला. या काळात माणसं आली, गेली, पुन्हा आली. शेवटपर्यंत टिकला तो एकच, ड्रम वाजवणारा जॉन स्टीव्हन्स. त्याच्या जाण्यासोबतच बँड संपला.

एसएमईचं संगीत बहुतांशी अकूस्टिक होतं. म्हणजे वाद्याच्या लाकडातून, कातड्यातून, तारेतून जेवढा निघेल तेवढाच आवाज. आपला डफ, ढोल, तुणतुणं सगळं अकूस्टिकच आहे, फक्त तसं वेगळं सांगायची वेळ पूर्वी आली नव्हती. (लोडशेडिंगच्या दिवसांत अशा बँडचा एक फायदा आपल्या लोकांना लगेच कळेल.) काही काळ विजेवरची गिटारही या बँडात होती, पण पिंड शांत, न वाढवलेल्या आवाजाचाच राहिला. आणि हे सगळं उत्स्फूर्त, म्हणजे वाजवायला बसताना काय वाजवायचं ते कुणालाच ठाऊक नाही. चाल ठरलेली नाही, ताल ठरलेला नाही, कागद नाही, सुरुवात कुणी करायची हेसुद्धा ठरलेलं नाही.

उपज आपल्याकडेही आहे, मग वेगळं काय?

जळगावात दरवर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथे हिवाळ्याच्या थंडीत शाल गुंडाळून बसणाऱ्यांना कुणी ‘उत्स्फूर्त संगीत’ म्हणून काही नवीन सांगायला जावं असं नाही. ख्याल म्हणजे बहुतेक सगळी उपजच. बंदिशीच्या दोन ओळी ठरलेल्या, बाकी बढत गायक तिथल्या तिथे करतो. कालचा यमन आज तसाच येत नाही, येऊही नये.

पण त्या उपजेला भोवताली भक्कम कुंपण असतं. रागाचे स्वर ठरलेले, वर्ज्य स्वर ठरलेले, तालाच्या मात्रा मोजलेल्या, घराण्याची वळणं गुरूकडून आलेली. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही वाट माहीत असते. गायक कितीही लांब भटकला तरी तो समेवर येणार आहे याची खात्री असते, आणि तो अगदी शेवटच्या क्षणी अचूक येऊन टेकला की सभागृहातून ‘वा’ निघतो. तो ‘वा’ त्या स्वराला जेवढा असतो, तेवढाच आपल्या मनातल्या अपेक्षेला असतो. आपण गायकाबरोबर मनातल्या मनात मोजत असतो म्हणून ती दाद निघते.

एसएमईत सम नाही. कुठे दाद द्यायची तेच कळत नाही, म्हणून रागसंगीताचा पक्का श्रोतासुद्धा तिथे गोंधळतो. किंबहुना पक्का श्रोताच जास्त गोंधळतो, कारण त्याचा कान सारखा सम शोधत राहतो.

डेरेक बेली हा गिटारवादक काही काळ या बँडात होता. त्यानं १९८० मध्ये उत्स्फूर्त संगीतावर एक पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवात केली भारतीय संगीतापासून. जगातल्या बहुतेक उपजेला एखाद्या संगीताची बोली असते असं त्याचं म्हणणं: हिंदुस्थानी, स्पेनचं फ्लामेंको, जाझ. कलावंत त्या बोलीत बोलतो, नवं बोलतो, पण बोली आधीची असते. बेली आणि त्याचे सोबती ज्याच्या मागे लागले होते ते म्हणजे कुठल्याच एका बोलीला न बांधलेलं वादन. हे पूर्णपणे जमतं का, यावर वाद आहे. मला वाटतं जमत नाही; दहा-वीस वर्षांत त्या मंडळींची स्वतःचीच एक बोली तयार झाली आणि आज ती चार सेकंदांत ओळखू येते. पण ती तयार होत असतानाचा काळ विलक्षण आहे.

कवायतीतून सुटका

हे लोक कुठून आले ते पाहिलं की बरंच उलगडतं. स्टीव्हन्सचा जन्म १९४० चा, लंडनलगतच्या ब्रेंटफर्डचा. वडील टॅप डान्सर, म्हणजे बुटांनी ताल वाजवणारे. पोरगा आधी कलाशाळेत गेला, मग ब्रिटिश हवाई दलाच्या बँडात भरती झाला. हवाई दलाची संगीतशाळा अक्सब्रिजला होती. तिथे त्याला सॅक्सोफोनवाला ट्रेव्हर वॉट्स आणि ट्रॉम्बोनवाला पॉल रदरफर्ड भेटले. नेमणूक जर्मनीत कोलोनला झाली. दिवसा गणवेश घालून छापील कागदावरचं संचलनाचं संगीत, आणि सुटी मिळाली की जाझ.

लष्करी बँडात सगळ्यात मोठा गुण कोणता? सगळ्यांनी एकदम, एकसारखं, कागदावर आहे तसंच वाजवणं. पुढे ज्यांनी कागदच फाडला ते तिघं याच शाळेतून निघाले, हे मला फार गमतीचं वाटतं. अर्थात त्या कवायतीनं त्यांना हात दिले. वाद्यावर हुकमत नसताना ‘मुक्त’ वाजवणं म्हणजे नुसतं चाचपडणं.

तेव्हा अमेरिकेत जाझचीही मोडतोड चालू होती. ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवाल्यानं डिसेंबर १९६० मध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवत ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केलं. जाझमध्ये तोवर धुनेखाली सुरावटींचा एक ठरलेला जिना असायचा, त्याच्या पायऱ्यांवरूनच उपज करायची. कोलमननं तो जिना काढून टाकला. ठेका आणि छोट्या धुना मात्र ठेवल्या. लंडनमधल्या तरुणांनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनात साहजिक प्रश्न आला: अजून काय काय काढता येईल?

हा प्रश्न विचारायला त्यांना जागा मिळाली ती लिटल थिएटर क्लबमध्ये. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनला लागून एका बोळात, बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर असलेलं एक चिमुकलं नाट्यगृह. नाटक संपलं की रात्री जागा रिकामी. जानेवारी १९६६ पासून स्टीव्हन्स आणि मंडळींनी तिथे वाजवायला सुरुवात केली, आठवड्यातले सहा दिवस. पैसे जवळपास नाहीत. कधी कधी ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारेच जास्त. बेली तर दिवसा स्टुडिओत आणि नाचगाण्याच्या वाद्यवृंदात गिटार वाजवून पोट भरायचा आणि रात्री इथे यायचा.

प्रेक्षक नसणं ही त्या जागेची मोठी देणगी ठरली असं म्हणायला मी धजावतो. तिकीट काढून आलेली पन्नास माणसं समोर असती तर कुणीतरी अर्ध्या तासात घाबरून एखादी धून धरली असती.

पहिली ध्वनिमुद्रिका ‘चॅलेंज’ १९६६ ची. तिच्यावर कोलमनची सावली स्पष्ट दिसते. धुना आहेत, ठेका आहे. चांगली आहे, पण अशी तेव्हा इतरही निघत होती. खरा बदल पुढच्या वर्षात झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात बँड गळत गळत दोघांवर आला, स्टीव्हन्स आणि सॅक्सोफोनवाला इव्हान पार्कर. दोघंच उरल्यावर मागे लपायला जागा राहत नाही. त्याच काळात वादन बारीक झालं, तुटक झालं, आणि ऐकणं हाच त्याचा पाया झाला.

दोन नियम आणि एक छोटा ड्रमसेट

‘ठरलेलं काहीच नाही’ असं मी वर म्हटलं. पण स्टीव्हन्सचे दोन दंडक होते, ते त्याचे सोबती वर्षानुवर्षं सांगत आले. पहिला: सोबत्याचा आवाज तुला ऐकू येत नसेल तर तू फार मोठ्यानं वाजवतो आहेस. दुसरा: तू जे वाजवतो आहेस त्याचा इतरांच्या वाजवण्याशी काहीच संबंध लागत नसेल, तर मग तू या समूहात बसलाच कशाला?

ऐकायला हे बालवाडीतल्या सूचनांसारखं वाटतं, पण वाद्य हातात घेऊन पाळायला बसलं की घाम फुटतो. पहिल्या नियमामागे तर ध्वनिशास्त्र आहे. एक मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या पट्टीतले लहान आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. ते हवेत असतात, पण कान ते नोंदवू शकत नाही, कारण कानातला तो भाग आधीच मोठ्या आवाजानं व्यापलेला असतो. त्यातही खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजांना जास्त झाकतो, उलट तितकं होत नाही. वरातीत शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं त्याचं कारण हेच: बासनं आपल्या बोलण्यातली व्यंजनं झाकून टाकलेली असतात.

आता नेहमीचा जाझचा ड्रमसेट पाहा. मोठा बेस ड्रम खालची बाजू झाकतो. मोठ्या झांजांचा झणत्कार पसरट असतो, सगळ्या पट्ट्यांत थोडा थोडा, आणि तो लांबत राहतो. तो विरायच्या आत पुढचा प्रहार होतो. अशा पडद्यामागे गिटारच्या तारेचा शेवटचा कंप, सॅक्सोफोनच्या कळांचा खटका, कॉन्ट्राबासवर (माणसाएवढ्या उंच, व्हायोलिनच्या घडणीच्या वाद्यावर) घासलेल्या गजाची सळसळ, हे सगळं बुडून जातं. आणि एसएमईला तर नेमकं तेच हवं होतं.

म्हणून स्टीव्हन्सनं आपला ड्रमसेटच बदलला. छोटे ड्रम, छोट्या झांजा, बारीक वाद्यं. लहान ड्रमचा आवाज उंच आणि आखूड असतो. पडला की लगेच संपतो. दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि त्या जागेत दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी ऐकू येतं. ड्रमवाल्यानं आपण होऊन आपला आवाज कमी करायचा, आणि तोही बँडचा म्होरक्या असताना! हा माणूस जोरात वाजवू शकत नव्हता असं अजिबात नाही. १९७५ मध्ये जॉन मार्टिन या गायकाची ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ध्वनिमुद्रित झाली तिच्यात ड्रमवर स्टीव्हन्सच आहे आणि तिथे तो चांगला मनसोक्त वाजवतो.

‘कार्योबिन’

या बँडचं एकच काही ऐकायचं असेल तर लोक ‘कार्योबिन’चं नाव घेतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली आणि आयलंड या तेव्हाच्या मोठ्या कंपनीमार्फत बाहेर आली. नाव स्वर्गात राहणाऱ्या काल्पनिक पक्ष्यांचं आहे. स्टीव्हन्सला जपानी दरबारी संगीत फार आवडायचं, तिथून ते आलं.

वाजवणारे पाच. स्टीव्हन्स, पार्कर, बेली, कॅनडाहून आलेला कर्णेवाला केनी व्हीलर, आणि कॉन्ट्राबासवर २१ वर्षांचा डेव्ह हॉलंड. त्याच वर्षी माइल्स डेव्हिस या अमेरिकेतल्या नावाजलेल्या जाझ ट्रम्पेटवाल्यानं हॉलंडला लंडनच्या एका क्लबात ऐकलं आणि थेट न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. पुढे तो जाझमधलं मोठं नाव झाला.

इथे पाचातला कुणीही पुढे नाही. जाझमध्ये एक जण सोलो वाजवतो, बाकीचे साथ करतात, मग दुसऱ्याची पाळी. आपल्याकडेही गायक आणि साथीदार ही उतरंड पक्की आहे. तबलजीला मोकळीक मिळते ती गायक देईल तेव्हा. ‘कार्योबिन’मध्ये उतरंडच नाही. प्रत्येक जण एक छोटा तुकडा टाकतो, दुसरा तो उचलतो, वळवतो किंवा मुद्दाम सोडून देतो, तिसरा गप्प राहतो. गप्प राहणं इथे वाजवण्याइतकंच महत्त्वाचं.

इव्हान पार्करनं पुढे या पद्धतीला ‘अणूंचं’ संगीत म्हटलं. सुटे सुटे बारीक कण, आणि त्यांच्या येण्याजाण्यातून तयार होणारी वीण. त्याच सुमारास लंडनमध्ये, १९६५ पासून, एएमएम नावाचा दुसरा एक उत्स्फूर्त बँड होता. त्यांचं काम अगदी उलट: लांबच लांब आवाजांचे थर एकमेकांवर पसरायचे, कोणता थर कुणाचा ते कळेनासं होईपर्यंत. त्याला पार्करनं ‘थरांचं’ म्हटलं. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी या प्रकारचं पुढचं बरंचसं संगीत कुठल्या घराण्याचं ते ओळखता येतं.

क्लिक आणि श्वास

स्टीव्हन्स हाडाचा शिक्षक होता. आपल्या बँडात जे घडतं ते वाद्य न येणाऱ्यालाही अनुभवता यावं म्हणून त्यानं काही खेळ रचले. त्यातले दोन सांगतो, कारण या संगीताबद्दलचं कुठलंही भाषण जे समजावू शकत नाही ते त्यांनी समजतं.

पहिल्याचं नाव ‘क्लिक पीस’. आठ-दहा जणांनी गोल बसायचं. प्रत्येकानं आपल्या हातातल्या वस्तूतून जमेल तितका आखूड आवाज काढायचा. ताल धरायचा नाही, शेजाऱ्याची नक्कल करायची नाही. सुरुवातीला ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं होतं, इथे एक, तिथे दोन, मध्येच घोळका. थोड्या वेळानं मात्र कान आपल्या आवाजावरून उठतो आणि सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या आवाजावर जाऊन बसतो. मग कुणीही न ठरवता त्यात वळणं दिसू लागतात. लोक एकमेकांना जागा द्यायला लागतात. हात तेच, आवाज तेच, ऐकणं बदललेलं.

दुसरा ‘सस्टेन्ड पीस’. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत एकच सूर लावायचा. श्वास संपला की सूर संपला. थांबायचं, पुन्हा श्वास घ्यायचा, पुन्हा सूर. गजाच्या किंवा तारेच्या वाद्यावरही मोजमाप श्वासाचंच. प्रत्येकाचा श्वास वेगळ्या लांबीचा असल्यामुळे सूर एकमेकांवर सरकत राहतात आणि न रचलेली सुरावट तयार होते. आपले पुंगीवाले याच्या नेमकं उलट करतात: गालात साठवलेली हवा वाद्यात ढकलता ढकलता नाकानं नवी हवा आत घेतात, म्हणजे सूर तुटतच नाही. पार्करनं स्वतःच्या एकल वादनात पुढे हीच युक्ती टोकाला नेली. १९७८ च्या ‘मोनोसेरॉस’मध्ये ती ऐकायला मिळते. पण स्टीव्हन्सच्या खेळात तुटणं हवंच. सूर तुटतो तेव्हाच तुम्ही दुसऱ्याला ऐकता.

हे खेळ घेऊन तो कार्यशाळा घ्यायचा. त्यातून स्पॉन्टेनियस म्युझिक ऑर्केस्ट्रा हा मोठा गोतावळा वाजू लागला, ज्यात नावाजलेले वादक आणि अगदी नवशिके शेजारी शेजारी बसायचे. १९८० च्या दशकात तो कम्युनिटी म्युझिक या लंडनच्या संस्थेत शिकवायचा. तिथून १९८५ मध्ये या खेळांचं ‘सर्च अँड रिफ्लेक्ट’ हे पुस्तक निघालं आणि जगभरच्या कार्यशाळांत ते वापरलं जातं. आपल्याकडे एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीतशिक्षकाची जागा रिकामी असेल, पेटी मोडकी असेल, तरी वाटी-चमच्यावर ‘क्लिक पीस’ होऊ शकतो. गुरुजींनी फक्त मध्ये मध्ये सूचना देण्याचा मोह आवरायला हवा.

समोरासमोर, मग तारांवर

‘कार्योबिन’नंतर बँडची तऱ्हा बदलत राहिली. मॅगी निकल्ससारख्या गायिका आल्या. १९६९ च्या ‘ऑलिव्ह’मध्ये शब्दांवाचूनचे आवाज वाद्यांत मिसळतात. मग १९७३ मध्ये पुन्हा दोघंच, या वेळी स्टीव्हन्स आणि जुना मित्र वॉट्स. ‘फेस टू फेस’ हे नाव शब्दशः खरं आहे: दोघं एकमेकांकडे तोंड करून बसायचे आणि वाजवायचे. उत्तर-प्रत्युत्तर इतकं झटपट की कुणी आधी आणि कुणी नंतर तेच कळत नाही. माझ्या मते एसएमईच्या विचाराचं याहून शुद्ध रूप नाही. मात्र सलग ऐकलं तर दमायला होतं, हेही कबूल.

१९७६ पासून जो काळ सुरू झाला तो सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी ऐकला गेलेला. नायजेल कूम्ब्जचं व्हायोलिन, रॉजर स्मिथची गिटार, पहिली काही वर्षं कॉलिन वुडचा चेलो, आणि स्टीव्हन्स. स्मिथ स्पॅनिश गिटार वाजवायचा, नायलॉनच्या तारांची, जिचा आवाज मुळातच नाजूक. तिच्यासमोर ड्रमवाला बसवायचा तर ड्रमवाल्यानं किती खाली यावं लागेल बघा. १९७७ ची ‘बायोसिस्टम’ ही त्या काळाची नोंद. बाहेर पंक रॉकचा कल्लोळ चालू होता आणि इथे चार माणसं कुजबुजत होती.

शेवटच्या काळात कूम्ब्ज बँडातून बाहेर पडला आणि जॉन बुचर हा सॅक्सोफोनवाला आला. त्यानं सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली होती, ते सोडून तो वाजवायला लागला. सॅक्सोफोनवर बोटांच्या वेगळ्या ठेवणीतून एकाच वेळी दोन-तीन सूर काढणं, फुंकरीच्या कडेवर सूर तोलून धरणं, यात त्याचा हात धरणारे थोडे. ‘अ न्यू डिस्टन्स’ हे या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण १९९४ चं. त्याच वर्षी सप्टेंबरात स्टीव्हन्स गेला, वयाच्या ५४ व्या वर्षी.

जे टिपलं तेवढंच

सहा-सहा रात्री, वर्षानुवर्षं. त्यातलं ध्वनिमुद्रित किती झालं? फारच थोडं. मोठ्या कंपन्यांनी ‘कार्योबिन’सारखा एखादा अपवाद केला आणि पाठ फिरवली. म्हणून वादकांनी स्वतःच दुकान थाटलं: बेली, पार्कर आणि ड्रमवाला टोनी ऑक्सली यांनी १९७० मध्ये इन्कस ही कंपनी काढली. १९७४ मध्ये मार्टिन डेव्हिडसन या रसिकानं इमॅनेम काढली आणि पुढे एसएमईच्या जुन्या फिती शोधून त्या बाहेर आणण्याचं काम चिकाटीनं केलं. ‘विथड्रॉअल’ हे १९६६-६७ मधलं काम १९९७ मध्ये बाहेर आलं. ‘कार्योबिन’ची सीडीसुद्धा इमॅनेमनंच २०१७ मध्ये पुन्हा काढली.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत काय झालं ते आपल्याला घरचंच आहे. शेतात, जात्यावर, हात कामात असताना ओव्या सुचत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी जेवढं टिपलं तेवढं राहिलं, आणि छापून आलं तेही १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. उरलेलं गेलं. फरक इतकाच की ओवी टिपली की पुन्हा म्हणता येते, दुसऱ्याच्या तोंडीही ती जगते. एसएमईचं वादन पुन्हा वाजवता येत नाही. कुणी स्वरलिपी लिहून हुबेहूब वाजवलं तर त्यातलं ऐकणंच निघून जातं, आणि ते निघालं की उरतो नुसता खडखडाट.

‘हे तर कुणीही वाजवेल’ हा आक्षेप इथेच तपासता येतो. कुणीही वाजवू शकतं हे खरं आहे, स्टीव्हन्सचं सगळं शिकवणं त्यावरच उभं होतं. पण रागात वर्ज्य स्वर लागला की चूक कळते, तशी इथली चूकही कळते: कुणीतरी ऐकायचं सोडलं आहे आणि नुसतं वाजवतो आहे, हे पाच मिनिटं लक्ष दिलं तर नवख्यालाही जाणवतं. अशी ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत, मोठ्या नावांचीही. उत्स्फूर्त संगीतात रटाळ रात्री असतात, आणि त्या का रटाळ झाल्या हे वादकांना श्रोत्यांच्या आधी कळतं.

ऐकायचं ठरवलं तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बारीक आवाज त्यात राहतच नाहीत. हेडफोन लावा, आणि पाचही वाद्यं एकदम धरायला जाऊ नका. ‘कार्योबिन’ लावून आधी फक्त हॉलंडच्या कॉन्ट्राबासच्या मागे जा. तो कुणाच्या वाजण्यानंतर वळतो, कुणाला सोडून देतो, कुठे थांबतो. दुसऱ्यांदा तेच बेलीच्या गिटारचं. सम शोधणारा कान हळूहळू दमतो, मग काम सोपं होतं. त्यानंतर ‘अ न्यू डिस्टन्स’ घ्या, कारण तिथे तिघंच आहेत आणि ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. ‘फेस टू फेस’ एका बैठकीत संपवायची घाई नको. व्हायोलिन-गिटारचा मधला काळ सगळ्यात शेवटी ठेवा. तो आवडला तर उत्तम, नाही आवडला तरी काही बिघडत नाही, लंडनमध्येही तो फार थोड्यांना आवडला होता.